बाईंच्या गावचं चर्च

बाई, पाटोद्याच्या अलीकडच्या माळावर तुम्हाला माती दिली, तेव्हा मुलखात साथ होती. निजामाचे शिपाई वस्तीत कुणाला शिरू देत नव्हते. खांद्याला आई, मी आणि तुमच्या मिशनच्या शाळेचे दोन गडी, एवढेच. गेलात त्या दुपारी तापात तुम्ही तुमच्या विलायतेतल्या गावाचंच बोलत होतात. आठ-दहा घरं, मधे जुनं दगडी चर्च, भोवती काळपट झाडं, आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात. आई चुलीवरची पेज घेऊन आली, तर तिचा हात धरून म्हणालात, "मावशी, मला घरी जायचंय." आई म्हणाली, "जाताल की. मी येते पोचवायला." पेज तशीच राहिली.

पुढं मिशनच्या डॉक्टरीणबाईंची मुलं सांभाळायला मी बोटीनं विलायतेला गेले. एका रविवारी सुट्टी मिळाली, तशी कुणाला न सांगता तुमचं गाव विचारत निघाले. गाव तुम्ही सांगायचात तसंच होतं, फक्त फार गप्प. चर्चच्या दारात एक म्हातारी झाडत होती. माझं लुगडं बघून ती दचकेल असं वाटलं, पण तिनं सहज वाट दिली. तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीमुळं तिचं बोलणं समजलं.

"आलीस का? त्या मघापासून आत बसल्यात."

"कोण?"

"तुझ्या बाई. हिंदुस्थानातून मुलगी येईल, दार उघडं ठेव, म्हणाल्या."

मी पायऱ्या उतरते. ओल्या दगडाचा वास येतोय. फरशीवर मेलेल्यांची नावं कोरलीत, पाय कुठं ठेवावा कळत नाही. बाकांवर कुणीच नाही. मी पुढच्या बाकावर बसते, डोळे मिटते. मागची फळी करकरते आणि अगदी कानाशी, आमच्याच बोलीत, तुमचा आवाज येतो.

"लई उशीर केलास गं. तुझी आई कवाच येऊन बसलीय. बघ की मागं."

आई तर गावी होती, धडधाकट. मी उठले आणि समोर बघतच बाजूच्या दारानं बाहेर पडले. गावाच्या वेशीपर्यंत पळत होते. महिन्याभरानं घरून खबर आली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, पाणी शेंदता शेंदता आई गेली होती.

हे पत्र लिहिलंय खरं, पण टाकायचं कुठं? तुम्ही माळावर आहात की तिथं, मला ठाऊक नाही. एवढंच सांगते, बाई. तुमची भीती मला वाटली नव्हती. वळले नाही, ते आई दिसेल म्हणून.