पाचव्या टेबलाचा कॉम्प्युटर

नागापूर, एमआयडीसी
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय जया,

फोन केला की तू "बरंय सगळं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तुमच्या गावाकडच्या छबूबाई उद्या पाथर्डीला चालल्यात, त्यांच्या हाती देते. त्यांना वाचता येत नाही, पण एसटीत शेजारणीकडून वाचून घेतील, म्हणून पाकीट डिंक लावून पक्कं बंद केलंय.

मोठी बातमी ही की ऑफिसातले कॉम्प्युटर एकदाचे बदलायचे ठरले. ऑक्टोबरपासून जुन्या विंडोजचे अपडेट बंद होणार आणि नवं विंडोज आपल्या मशीनवर चढत नाही. तशीही त्यांची गत तुला ठाऊक आहे. सकाळी बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तरी ते अजून डोळे चोळतच असतात. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याला फवारणी पंपांचं बिल पाठवताना माझं मशीन तीनदा बंद पडलं, तेव्हा गोरक्षशेठ म्हणाले, "ज्ञानेश्वरी, आता तूच बघ काय घ्यायचं ते. मला त्यातलं काय बी कळत न्हाई." कळत नाही म्हणाले, पण चारच घ्यायचे हे मात्र त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, पाच. त्यावरून आमची पंधरा दिवस झुंज चालली होती आणि मी काही मागे हटणार नव्हते.

पाचवं टेबल कोणाचं होतं हे तुला सांगायला नको. तू गेल्यावर ते उचलून स्टोअरमध्ये ठेवलं आणि तुझं डिस्पॅचचं काम आम्हा चौघांत वाटलं. त्यानंतर शेवगावचा माल श्रीगोंद्याला किती वेळा गेला, विचारू नकोस. आणि तू तिकडे? छबूबाईंनीच सांगितलं, गेल्या दिवाळीनंतर पोरीला सासूबाईंकडे ठेवून तू वाल्मिकभाऊजींबरोबर ऊसतोडीला गेलीस. बारावी झालेली, तालुक्यात कॉम्प्युटरच्या परीक्षेत पहिली आलेली माझी मैत्रीण पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहतेय, आणि इथे तिचं टेबल स्टोअरमध्ये धूळ खातंय. यंदाही तुमची टोळी दसऱ्यानंतर निघणार म्हणतात. म्हणून मला घाई आहे.

शेठना नुसतं पाच म्हणून पटणार नव्हतं. मग मी एकेक दिवस एकेकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, कोण दिवसभर काय करतं ते वहीत लिहिलं. भिमाजीकाका स्टॉक लिहितात, त्यांना साधं मशीन पुरेल, पण पडदा मोठा हवा, कारण ते नाक टेकवून वाचतात. सविता नोझलची ड्रॉइंग उघडते, तिला तगडं हवं. डिस्पॅचचं काम मात्र कोणाचंच नाही, सगळ्यांचं अर्धं अर्धं आहे, आणि चुका सगळ्या तिथेच आहेत.

मग केडगावचा कॉम्प्युटरवाला अंगद आला, दुकानातले सगळे कागद घेऊन. त्याला ते पडद्यातच सगळं असलेले चकचकीत कॉम्प्युटर गळ्यात मारायचे होते. "ताई, दिसायला लई भारी, वायरींचा गुंता न्हाई." मी विचारलं, पडदा गेला तर? म्हणाला, "मग आख्खंच न्यावं लागंल की दुरुस्तीला." मी म्हटलं, आम्हाला ऑफिस सजवायचं नाही, चालवायचं आहे. शेवटी पडदा वेगळा, सीपीयू वेगळा, रॅम सोळा, आतली डिस्क नवीन पद्धतीची, आणि बिघडलं तर तीन वर्षं माणूस इथे येऊन दुरुस्त करील असं त्याच्याकडून लिहून घेतलं. शिवाय रोज संध्याकाळी सगळ्या कामाची नक्कल वेगळ्या डिस्कवर. यावर मात्र मी शेठशी हुज्जत घातलीच नाही, ठरलं म्हणून सांगून टाकलं.

परवा यादीवर सही घ्यायला गेले, तर त्यांनी पाचचा आकडा खोडून चार केला. "चौघांत भागतंय की. आन तुझी ती जया परत आली तर पुन्हा पाणी वतंल मशीनवर." जया, ते ऐकल्यावर मी केबिनचं दार लावून घेतलं आणि दोन वर्षं गिळून ठेवलेलं सगळं त्यांना सांगितलं. आता तुला सांगते.

त्या खंडेनवमीला शेठनी कारखान्यातल्या प्रेस मशीनपुढे नारळ फोडला आणि ऑफिसची पूजा माझ्याकडे दिली. सगळ्या मशीनवर नारळाचं पाणी शिंपडलं. तांब्यात थोडं उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून खाली ठेवलेल्या तुझ्या सीपीयूवर ओंजळभर जास्तच वाहिलं. माझी मैत्रीण, तिच्या मशीनला दुप्पट आशीर्वाद, एवढीच माझी अक्कल. पंखा अडकतो म्हणून त्याचं झाकण काढलेलं होतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तू बटण दाबलंस, जळका वास आला आणि व्यापाऱ्यांच्या तीन वर्षांच्या याद्या गेल्या. आत पाणी गेलंय, असं दुरुस्तीवाला म्हणाला आणि सगळ्यांनी टेबलावरच्या तुझ्या बाटलीकडे पाहिलं. तूसुद्धा म्हणालीस, माझीच कलंडली असेल. मला त्याच क्षणी कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरले. शेठ महिनाभर तुला टोचून बोलत राहिले, तू सोडून गेलीस, आणि मी तुला फाटकापर्यंत पोचवायला आले, तुझा हात धरून रडले. त्या रडण्याची मला आजही लाज वाटते.

शेठनी हातातली यादी टेबलावर आपटली. मग म्हणाले, "दोन वर्सं काय तोंड शिवलं हुतं का तुझं?" मग त्यांनी चार खोडून पुन्हा पाच केलं आणि सही केली. "टेबल काढ स्टोअरमधून. पन तिला तू सांगायचं, तुझ्या तोंडानं. म्या न्हाई सांगनार." म्हणून हे पत्र, जया. मशीन घटस्थापनेला येतायत. पोरीला घेऊन ये, घर मिळेपर्यंत माझ्या खोलीत राहा. नवमीच्या पूजेला सगळा कारखाना जमेल तेव्हा मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. माफ कर असं म्हणणार नाही, तेवढा माझा हक्क राहिलेला नाही. पण माझ्यावरच्या रागापायी पुन्हा कोयता हातात घेऊ नकोस. राग असेल तर रागातच ये, शेजारच्या टेबलावर बसून वर्षभर माझ्याशी बोलू नकोस, पण ये.

तू अजून म्हणू देशील तर,
तुझीच
ज्ञानेश्वरी