वीतभर जागा

प्रिय दाजी,

तुमची तीन बोटं गेली, त्यात तुमची काहीच चूक नव्हती. मी थकलो की माझ्या डाव्या डोळ्याचं बुबुळ कानाकडे सरकतं आणि समोरची वस्तू किती लांब आहे तेच कळेनासं होतं. तुम्ही मला गोदामात चिकटवलंत तेव्हा मी हे लपवलं. नोकरीआधीची डोळ्यांची तपासणी सकाळी, मी ताजा असताना झाली, म्हणून डोळा जागेवर राहिला.

त्या संध्याकाळी थकलेला असताना खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट पुढे नेताना मला वाटलं, खोक्यात आणि तुमच्या हातात अजून वीतभर जागा आहे. ती नव्हती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दाजींनीच मध्ये हात घातला." ताईलाही तेच सांगितलं.

काल दवाखान्यात तुम्ही हळूच म्हणालात, "तुझा डोळा सरकलेला मी पाहिला होता रे. पण तुझी नोकरी जायला नको, म्हणून मीही माझीच चूक सांगितली."

आज साहेबांना खरं सांगून राजीनामा दिला. ताईला मात्र अजून बोललो नाही. तुम्हाला घास भरवताना ती रोज म्हणते, "एवढे कसे हो वेंधळे तुम्ही?" आणि तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. तिच्यासमोर तोंड उघडेपर्यंत हे पत्र तुम्हाला द्यायचा मला हक्क नाही.

तुमचा नालायक मेहुणा