बिब्ब्याचे तीन टिपके

आई,

काल दुपारी नगरच्या डॉक्टरांनी माझ्या हातांचे दोन एक्स-रे, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा, शेजारी शेजारी लावले आणि सांगितलं की सांध्यांत नवी झीज नाही. मग एकेक बोट दाबून पाहिलं. सूजही नाही. "मूठ मिटा," म्हणाले. मिटली, पुरती मिटली. सात वर्षांनी माझी नखं माझ्या तळव्याला टेकली. मी इतक्या मोठ्याने हसले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

माझं दुखणंही तुझ्यासारखं सकाळीच सुरू व्हायचं. मला जाग यायची, बोटांना यायची नाही. तेव्हा दर वेळी श्रीगोंद्याच्या रस्त्यावरची खडी आठवायची. बहात्तरचा दुष्काळ, सगळं गाव सरकारी कामावर. तू हातोडी मांडीवर ठेवून, बोटं चहाच्या गरम पेल्याभोवती धरून बसली आहेस, ऊन वर यायची वाट बघत. मुकादम ओरडतो, "मावशे, हातोडी काय पुजायला आनली का?" तू म्हणतेस, "पुजून झाली बाबा, परसादाला थांबलेय." बायका हसतात, तूही हसतेस, पण पेला सोडत नाहीस. घरी भाकरी तव्यावर टाकता टाकता तुटायची. "ह्या लाल ज्वारीला चिकटपनाच न्हाई," तू म्हणायचीस आणि सगळ्यांना पटायचं, कारण रेशनवर आलेल्या त्या परदेशी लाल मिलोची भाकरी कुणाचीच धड होत नव्हती. बोटं वळत नाहीत, हे तू वर्षभर ज्वारीमागे लपवलंस.

शेवटी एका संध्याकाळी तू बिब्बा काढलास. आपल्याकडे सांधा सुजला की बिब्बाच. सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, ते दुखऱ्या जागी जेमतेम लावायचं, जास्त झालं तर कातडी भाजते. तुला सुई धरवेना म्हणून मी धरली. "एका सांद्याला एकच टिपका, पोरी." सकाळी तुझा उजवा हात फोडांनी भरलेला. शेजारच्या काकू धावत आल्या. "आगं, किती लावलंस?" मी म्हणाले, "एकच." तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "तिचं काय न्हाई वो, माजीच कातडी नाजूक."

फोड बरे झाले. बोटं मात्र वर्षागणिक करंगळीकडे कलत गेली. बिब्ब्यानं हात गेला, असं गाव म्हणायचं. तू कधी म्हणाली नाहीस. त्यानंतर घरातली प्रत्येक भाकरी मी थापली, तू गेलीस तोवर, आणि प्रत्येक भाकरीला मला वाटायचं, हा हात मी घालवला.

काल मूठ मिटल्यावर हे मी डॉक्टरांना सांगून टाकलं. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर सांधा काढून दाखवला. जखम झाली की दाह होतो, त्याचं काम झालं की तो निघून जातो. संधिवाताच्या या आजारात तो मुक्कामच ठोकतो. शरीर आपल्याच सांध्याला परकं समजून त्याच्याशी लढत राहतं. आतलं मऊ अस्तर सुजून जाड होतं, आधी हाडांमधली गादी, म्हणजे कूर्चा खातं, मग हाड. सांध्याला धरून ठेवणारे बंध सैल पडतात आणि बोटं कलतात. "न बघितलेल्या हातांबद्दल मी खात्रीनं बोलणार नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही सांगता तसे हात याच आजारात होतात. बिब्ब्यानं कातडी भाजली असेल. बोटं आतून वाकली." आई, मी दवाखान्यातून पायीच घरी आले, माळीवाड्यापर्यंत मूठ मिटत आणि उघडत. तुझ्या वेळी नव्हती ती आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मला वेळेवर मिळाली. तुझे हात ज्यानं खाल्ले त्याला माझ्या हातांपाशी थांबावं लागलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा लिहून टाकते. एक टिपका नव्हता. तू लवकर बरी व्हावीस म्हणून मी प्रत्येक सांध्याला तीन लावले होते. तुला तेव्हाच कळलं होतं, हेही मला ठाऊक आहे.

असंच राहिलं तर पुढच्या तपासणीला गोळी कमी करू, असं डॉक्टर म्हणतात. उद्या नात येणार आहे, तिला हातावर भाकरी थापायला शिकवायची आहे. तुला कुणी शिकवलं, असं ती विचारेलच. मग तुझ्या हातांचं सगळं सांगेन, तिन्ही टिपक्यांसकट.