राखणदाराचा घास

ती. आईंना,

नमस्कार शेवटी करीन. आधी भांडण. सून म्हणून तुमच्यापुढे कधी आवाज चढवला नाही. आता तुम्ही डोळे वटारायला येणार नाही, म्हणून लिहिते.

काल मी तुमच्या मुलाशी खोटं बोलले, आणि ते खोटं मला तुम्हीच शिकवून गेलात!

आठवतं ना? दिवाळी झाली, भात घरात आलं, की करंजाच्या पेंडीच्या चार टोपल्या तुम्ही ओढ्याकाठच्या मळ्यात न्यायचात. सरीसरीने मातीत मिसळायचात, वर मुरलेलं शेणखत, वर पाणी. काय करताय म्हणून विचारलं, तर म्हणालात, "राखनदाराचा घास हाय तो. तीन आटवडं मळ्यात कुनी पाय टाकायचा नाय. त्यो जेवतोय." मी मास्तरांची मुलगी, सातवी पास. मळ्याची राखण करणारा देव पेंड खातो म्हणे! पदराआड हसले होते मी.

तुम्ही शिमग्यात गेलात. घरात नुकतीच वीज आली होती, मग दिव्याला करंजाचं तेल कशाला? चैत्रात करंजाच्या बिया वेचल्याच नाहीत. तेल नाही, म्हणून पेंड नाही. पेंड नाही, म्हणून घासही नाही. उलट मला वाटलं, बरं झालं, एक खूळ गेलं.

मार्गशीर्षात वांगी लावली. पौषात भर दुपारी हिरवीगार झाडं माना टाकायला लागली. पान पिवळं नाही, कीड नाही, आणि तिसऱ्या दिवशी झाड मेलेलं! अख्खा मळा गेला. तुमचा मुलगा बांधावर उभा राहून म्हणाला, "मेलाय मळा. पुढच्या साली माड लावतो तितं."

माड! आई, या घरात तेवढीच जमीन तुमच्या-माझ्या हुकमतीतली. चिपळूणच्या बाजारात वांगी नेऊन तुमच्या नातीची, सुमनची शाळा आपण दोघींनी चालवली. माड लावले की मळा त्याचा आणि सुमन चुलीपुढे.

तेव्हा शेतकीचे एक साहेब गावात आले होते. त्यांनी झाड उपटलं, खोड तिरकं कापून पाण्याच्या पेल्यात धरलं. खोडातून दुधासारखा धागा उतरला. "ही मर," ते म्हणाले. "रोग मातीत आहे, फवारून उपयोग नाही. करंजाची पेंड आणि शेणखत मिसळा. पेंड कुजताना मातीत चांगले जंतू वाढतात, ते रोगाला दाबतात. सगळा जाणार नाही, पण आवरेल. मात्र पेंड घातल्यावर तीन आठवडे थांबा, मगच रोपं लावा."

तीन आठवडे! अगदी तुमचाच आकडा!

खत म्हणायला तोंड शिवलं होतं का तुमचं? तुमची दुखणी मी काढली, पाठीला तेल चोळलं. एकदा कानात सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

माडांसाठी मी एका सालाची मुदत मागून घेतली, आणि यंदा चैत्रात बिया वेचल्या. घाण्यावर नेल्या, तेल काढलं. काल पेंड मागितली, तर तुमच्या मुलाने गोणी आंब्याच्या कलमांसाठी बांधायला घेतलेली. "वांग्यांना पेंड? खुळी का काय तू! कलमांना काय घालू मग?" मी सगळं समजावलं, साहेब, पेला, तो पांढरा धागा. तो गोणीला गाठ मारत राहिला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "राखणदाराचा घास आहे तो. गेल्या साली चुकला, म्हणून मळा गेला."

गोणी सोडली त्याने. चपला काढून हात जोडले आणि चारही टोपल्या स्वतः डोक्यावरून मळ्यात पोचवल्या!

इतका संताप आला मला! खरं सांगितलं तर मी खुळी, आणि खोटं बोलले तर देवाचं माणूस? घरातलं शेण, राख, पेंड, सगळं कलमांच्या बुंध्याशी जायचं. देवाचं नाव घेतल्याशिवाय मळ्याला टोपलीभर मिळणार नव्हतं, हे तुम्ही केव्हाच ओळखलं होतंत.

पण माझ्यापासून कशाला लपवलंत? मी का त्या कलमांच्या बाजूची होते? हां, तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगून मोकळी व्हायचे. ते तुम्हाला ठाऊक होतं. तरीही राग जात नाही.

आज सुमन बांधावरच थांबली. "राखणदार जेवतोय ना?" म्हणाली. मी तिला हाताला धरून आत ओढलं, माती उकरली आणि पेंड तिच्या नाकाशी धरली. म्हटलं, "हे खत आहे. आजी घालायची. का घालायची, ते ऐक."

रोपं जगतील का, ते पौषात कळेल. पण आई, वचन देते. तुमच्या मुलापुढे मी दरसाल राखणदाराला जेवू घालीन. सुमनपाशी मात्र खोटं बोलणार नाही. मी गेल्यावर तिला असलं पत्र लिहावं लागणार नाही.

आता नमस्कार.

तुमची रागावलेली सून,
कुसुम