मधल्या जागेवरचा वैद्य

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस आणि गेल्या मंगळवारी घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलास. म्हणून कपाटातून जुनी पाकिटं शोधून काढली. याचा डिंक वाळला होता, तेव्हा कवळीच्या मापाचं मेण लावून बंद केलंय. लोकांचे दात करणाऱ्या बाईकडे दुसरं काय असणार?

तू रागावला आहेस, आणि ते बरोबरच आहे. त्या रविवारच्या लढाईत माझी जीभ सुटली. मी सांगत होते की मागे फिर, त्यांचे पाचही जण पुलाखाली दबा धरून बसलेत. तू मात्र ढाल पुढे धरून एकटाच पूल ओलांडलास. तू पडलास आणि आम्ही चौघं पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळलो. तेव्हा मी हेडफोनमध्ये ओरडले की बहिरा आहेस का. वय वर्षं बावन्न, आणि कॉम्प्युटरवरच्या एका खेळापायी थोरल्या भावाला असं बोलते. तुझ्या भाचीने ऐकवलं की त्यांच्या हॉस्पिटलात अशा पेशंटना वेगळ्या खोलीत ठेवतात. ती नर्स आहे, तिला विचारून ठेवलंय, खोली रिकामी आहे का.

काल तुझ्याशिवाय सरावाच्या तीन लढाया केल्या. तिन्ही हरलो. तुझ्या जागी आमच्या घरमालकीणबाईंना बसवलं होतं. पात्रं निवडायची वेळ आली तेव्हा पाचही जणांनी हल्ला करणारीच पात्रं घेतली. ढाल कोणी घेईना, जखमा भरणारा वैद्य कोणी होईना. पाच स्वयंपाकी आणि भांडी घासायला कुणी नाही, अशी आमची टीम. आमच्या यांनी तिरंदाज घेतला. बेकरीत रोज पाचशे पाव काढून एकही करपू न देणारा हा माणूस तिथे पहिल्या मिनिटाला भाजून निघतो.

एकतीस तारखेला कुटुंबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी आहे. पाचही जण नात्यातले हवेत असा नियम आहे, म्हणजे घरमालकीणबाई चालायच्या नाहीत. तू आला नाहीस तर आम्ही न खेळताच बाद. पण स्पर्धेचं राहू दे. निदान दोन ओळी लिही.

लोभ पूर्वी होता त्याच्या निम्मा केलास तरी मी तक्रार करणार नाही.

तुझी,
चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट उघडायला मला स्क्रूड्रायव्हर लागला. पेशंटच्या कवळ्या याच मेणावर बसवत असशील तर त्यांची काळजी नको.

मी रागावलेलो नाही. त्या लढाईतलं तुझं एकच वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं, ते शेवटचं. आधीचं मागे फिर वगैरे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. आता प्रश्न विचारलाच आहेस तर उत्तर देतो. हो, आहे. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. फोनवर समोरचा काय बोलतो ते कळत नाही, म्हणून मी हो हो म्हणत राहतो. अशाच एका होकारामुळे मागे तुझ्या वहिनीच्या आत्येबहिणीचे कपड्यांनी भरलेले सात खोके आमच्याकडे ठेवायला आले. तेव्हापासून फोनच बंद केला.

तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून इंजिनचा रोग सांगत आलो. गाडी फाटकातून आत यायच्या आधी सांगायचो की तिसऱ्या सिलिंडरला बघा. परवा एका गिऱ्हाइकाला मी अभिमानाने दाखवलं की गाडी आता किती शांत चालतेय. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते थडथड उडत होतं. थट्टा केली असं भासवून मी हसलो. तोही हसला. मला मात्र दुपारचा डबा गेला नाही.

ढालीचं काम पुढे उभं राहायचं आणि मागच्यांचं ऐकायचं. पुढे मी अजून उभा राहीन, मागचं ऐकू येत नाही. म्हणून मी बाहेर. गॅरेजात हे कुणाला माहीत नाही, कळूही नये. ज्याचे कान गेले त्या मेकॅनिककडे गाडी कोण देईल?

मायेत कमी-जास्त केलेलं नाही, हिशेब तसाच आहे.

दादा


१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवसभर मी लोकांच्या तोंडाची मापं घेते. स्वतःच्या तोंडाचं माप एकदाही घेतलं नाही. याहून जास्त लिहिता येत नाही. पत्र वाचल्यावर एका आजोबांच्या कवळीत खालचे दात वर बसवले, यावरून काय ते समज.

खेळायला ये असं म्हणणार नाही. पण उपांत्य फेरीत समोर ते उडीवाले आहेत, ज्यांनी गेल्या वर्षी आपल्याला सहा मिनिटांत घरी पाठवलं. त्यांच्यावर उतारा काय तेवढा सांग. टीम कशी लावायची हे आपल्यात तुला एकट्यालाच कळतं. बाकीचे आम्ही चित्र छान दिसेल ते पात्र निवडतो.

कृपा राहू दे, पात्रता नसली तरी.

चिमणी


१८ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

त्यांच्या जुन्या अकरा लढाया बघितल्या. आवाज बंद ठेवून बघितल्या, मला काय फरक पडतो?

त्यांचे पाचही जण चपळ आणि हलके. समोरच्या ढालीशी ते लढतच नाहीत. तिच्या डोक्यावरून उडी मारून मागे उभ्या असलेल्या वैद्यावर तुटून पडतात. वैद्य पडला की उरलेल्यांच्या जखमा कोण भरणार? मग ते एकेकाला निवांत टिपतात. आपण दरवेळी काय केलं? त्यांच्याहून चपळ पात्रं घेतली आणि त्यांच्या मागे पळालो. उंदराच्या मागे धावून उंदीर सापडत नाही. तो जिथे येणार तिथे आधी जाऊन बसावं लागतं.

तेव्हा दोन जड, मठ्ठ पात्रं घ्या, एक तू आणि एक तुझी वहिनी. पात्रं मठ्ठ म्हणतोय, तिला सांगताना जपून सांग. मेहुण्यांनी तिरंदाज सोडून जाळं टाकणारा कोळी घ्यावा. भाचीने जवळून वार करणारं पात्र घ्यावं. आणि वैद्याला मागे नाही, मधोमध उभं करायचं. ते उडी मारून आत आले की चौघांनी आत वळायचं आणि दार लावून घ्यायचं. वैद्य पळता कामा नये, हीच खरी मेख आहे. त्याने घाबरायचं, पण जागा सोडायची नाही. आपला डाव आधी कळला तर ते पात्रं बदलतील, म्हणून कोळी सगळ्यांत शेवटी दाखवा.

पाचवा माणूस नात्यात कुठे तरी शोधा.

आशीर्वाद आहेत, हवे तेवढे वापर.

दादा


२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं करून पाहिलं. म्हणजे जवळजवळ तसं. ऐनवेळी मला वाटलं की माझ्या हातात तलवार जास्त शोभेल, आणि मी जड पात्र सोडून दिलं. दोन लढाया त्यात गेल्या. तिसरीला मुकाट्याने ढाल घेतली आणि चक्क जमलं. पण घरमालकीणबाई वैद्य होत्या. अंगावर कोणी आलं की त्या पळतात. त्यांचं म्हणणं, आयुष्यात भाडेकरूंपासून पळाले नाही, पण हे लोक उड्या मारतात.

दादा, मधल्या जागेवर तू ये. वैद्याला कुणाचं ऐकावं लागत नाही. कोणाला किती लागलंय ते पडद्यावर दिसतं आणि तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. बाकीच्यासाठी आम्ही चौघंही हेडफोन काढून ठेवतो. नकाशावर खुणा करायच्या, लाल म्हणजे धोका, निळी म्हणजे इकडे या. काल तसं खेळून पाहिलं. या घरात वीस मिनिटं कुणी कुणाला बोललं नाही. आमच्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं, असं हे म्हणाले.

तू नेहमी पुढे उभा राहिलास. आई गेल्यावरही. एकदा आम्हाला पुढे राहू दे.

हट्ट पोटात घाल, जमल्यास पुरा कर.

चिमणी


२६ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून यांनी टेबलावर टाकलं आणि म्हणाले की मी काही काचेचं भांडं नाही, मधे ठेवून सगळ्यांनी जपायला. काल मी कामावरून आले तर शेजारच्या खोलीत वैद्य घेऊन सराव चालू. आवाज इतका मोठा की वरच्या मजल्यावरच्यांना कोण मेलं ते कळत होतं. आवाज बंद केला आहे असा यांचा समज. मी हळूच दार ओढून घेतलं.

कानाचं मला पहिल्यापासून माहीत आहे. हे सांगतील म्हणून थांबले होते, ते सात खोके घरात सांभाळत.

येतील ते. तुम्ही विचारू नका.

आहे तशी माया असू द्या.

तुमची,
वहिनी


३ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रविवारी तू होतीसच, तरी माझ्या जागेवरून काय दिसलं ते सांगतो.

मी मधोमध उभा होतो. साठीचा माणूस, पडद्यावरच्या हिरव्या झग्यातल्या वैद्यासाठी घामाघूम. ते पाचही जण एकदम माझ्यावर पडले. पाय म्हणत होते पळ. तेवढ्यात नकाशावर माझ्याच पायाशी चार निळ्या खुणा उमटल्या, एकामागून एक. तुम्ही चौघंही मला सांगत होतात की इथेच राहा. मग मेहुण्यांचं जाळं पडलं. बघतो तर तू आणि तुझी वहिनी माझ्या दोन बाजूंना पाठ टेकून उभ्या. माझं आयुष्य पणाला लागलं होतं असं नाही, पण मला क्षणभर पडदा दिसेना. चष्मा पुसेपर्यंत तुझा जीव जाता जाता राहिला, त्याबद्दल माफ कर.

उपांत्य जिंकून संध्याकाळच्या अंतिम फेरीत आपण पार धुतले गेलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, या वेळी माझा उतारा साफ चुकला. पुढच्या वर्षी बघू.

सोमवारी गॅरेजात गेलो आणि मालकाला सांगून टाकलं. रात्रभर भाषण पाठ केलं होतं. तीन वाक्यांतच त्याने मला थांबवलं. म्हणाला की गेलं वर्षभर तो माझ्या उजव्या बाजूला येऊनच बोलतो, आणि गाडी तयार झाली की मी हात धुवायला गेलो असताना एकदा स्वतः इंजिन ऐकून घेतो; ती थडथडणारी एक गाडी तेवढी त्याच्या हातून निसटली. बाकी सगळ्यांनाही त्याने तसंच सांगून ठेवलंय. मला वाटत होतं की अलीकडे ही मंडळी फार अदबीने समोर येऊन बोलतात, माझ्या अनुभवाला मान देतात.

शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे जातोय. तुझी वहिनी बरोबर येणार आहे, कारण डॉक्टर काय म्हणाले हे मला कळणार नाही आणि मी हो म्हणून मोकळा होईन.

जपत राहा. आता मला त्याचा राग येत नाही.

तुझा,
दादा