पाट्यांमधलं ग्रीस

ड्युलूथ, ९ जानेवारी १९९४

चि. वैक्को यास लेम्पीताईचे अनेक आशीर्वाद.

पाठीच्या ऑपरेशनला वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, हिंडाफिरा, पण दणका एकही बसता कामा नये. म्हणजे लास्किआइनेनच्या, आपल्या घसरगाड्यांच्या फिनिश सणाच्या, रविवारी बेटावरच्या आपल्या झोपडीत वाटाण्याचं सूप प्यायला मी यायचं की नाही, हे आता तुझ्या बर्फगाडीवर अवलंबून. बाबांनी घेतली तेव्हापासून तिची पुढची बाजू मागे बसणाऱ्याचे मणके मोजते. गेल्या वर्षी त्या रविवारी मी खिडकीत बसून रडले. यंदा रडायचं नाही. गाडी मऊ कर. तुझ्या बायकोला, हेल्मीला, आठवण सांग.

तुझी ताई


ओटर लेक, २० जानेवारी

ती. ताईस वैक्कोचा सा. न. वि. वि.

गाडी उघडली. पुढच्या दोन्ही स्कींवरच्या कमानीचे पोलादी पाटे गंजून एकमेकांना इतके चिकटले होते की वाकणार कुठून? सगळे सुटे केले, घासले, मध्ये सढळ हाताने ग्रीस थापलं. शेडमधल्या शेगडीशेजारी दाबून बघितलं तर पाळण्यासारखी झुलत होती. हेल्मीसमोर मिरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोठलेल्या तळ्यावर नेली. कडाक्याची थंडी. ग्रीस गोठून दगड झालं आणि पहिल्याच उंचवट्यावर माझी कवळी बर्फात! हेल्मी म्हणाली, जन्म बर्फात काढून गाडी शेगडीशेजारी तपासणारा हा एकटाच.

ताई, आता माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही. शेजारच्या आर्वोची नवी गाडी अगदी अलगद जाते. तो तुला न्यायला तयार आहे. मी पुढे जाऊन सूप गरम ठेवीन.

तुझा वैक्को


ड्युलूथ, २६ जानेवारी

चि. वैक्को, आशीर्वाद. यंदा कान उपटूनच.

आर्वोच्या मागे बसायला मी काय मासळीची टोपली आहे? वाटभर तो आपल्या गुडघ्याचं पुराण लावील. ग्रीस रॉकेलने धुऊन काढ. दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनच्या पट्ट्या काप आणि पाट्यांच्या मध्ये सरकव. माझ्या फ्रीझरमध्ये तो कॅन कधी कडक होत नाही, आणि बुळबुळीत तर असतोच. आणि शहाण्या, या खेपेला गाडी रात्रभर बाहेर ठेवून मग बघ.

तुझी ताई


ओटर लेक, ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

हेल्मीला मागे बसवलं, हातात काठोकाठ कॉफी दिली आणि बेटापर्यंत नेलं. कॉफी गार झाली, पण सांडली नाही. तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकायचं असेल तर लगेच ये. दुधाच्या कॅनची अक्कल तुझी, हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा वैक्को


ड्युलूथ, १७ फेब्रुवारी

चि. वैक्को यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. सूप नेहमीसारखंच खारट होतं, तरी दोनदा घेतलं. गाडी खरोखर छान झाली आहे.

एक सांगते. आर्वोच्या गाडीवरून मला सहज येता आलं असतं. पण मला नुसतं बेटावर पोचायचं नव्हतं रे, तुझ्या पाठीमागे बसून जायचं होतं. प्रत्येक उंचवट्याआधी तू वेग कमी करून एक हात मागे करत होतास, मी आहे ना, हे चाचपायला. परतीच्या वाटेवर एकदा चांगलीच कळ आली. मी बोलले नाही, कारण मग तू हात मागे करण्याऐवजी गाडीच थांबवली असतीस.

लोभ कमी करायची तुझी प्राज्ञा नाही, म्हणून तो मागत नाही. पुढच्या वर्षीही हात मागे करून बघ. मी असेन.

तुझी ताई