समोर धर

१९ ऑगस्ट ८६, नारळी पौर्णिमा
डाव्या हाताने लिहितोय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. उजवं मनगट मोडलं. मोडणारा सख्खा मोठा भाऊ.
बंदरावर नारळ लढवायला गेलो, नारळावर नारळ हाणायचा, ज्याचा फुटेल तो हरला. मी नारळ धरला, भाऊने आपला हाणला तो थेट मनगटावर. वर मलाच शिवी. "समोर धर मरे! बाजूक कित्याक धरतंस?" समोरच होता, जरासा त्याच्या डावीकडे. त्याचा डावा डोळा काचबिंदूने गेलाय हे गावाला ठाऊक. उजवाही कडेने चाललाय हे आज माझ्या हाडाला कळलं.

२१ ऑगस्ट
प्लास्टर. ठणका. वयनी आली, भाऊची बायको. म्हणाली, दाराला आपटतात आणि मग दारालाच लाथा घालतात. काल भरलं ताट भिरकावलं, तिच्या कपाळाला खोक.
डाव्या डोळ्याच्या वेळी हाच म्हणाला होता, "पिकांदे मगे. आवशीचो मोतीबिंदू पिकलो तेव्हाच काढलो ना?" अरे, आईचा मोतीबिंदू होता, काचबिंदू काय फणस आहे पिकायला? पिकेपर्यंत डोळाच मेला.
कुडाळचे डॉक्टर म्हणतात, मुंबईत लेझर आहे. डोळ्यातलं पाणी निचरतं, दाब उतरतो. गेलेली नजर येणार नाही, उरलीय ती टिकेल. नेणार. बांधून नेईन.

५ सप्टेंबर, मुंबई
नेला एकदाचा. यंत्रावर हनुवटी टेकवून बसला, गरीब गाय. बाहेर आल्यावर मात्र डॉक्टरांची कॉलर धरली. "ह्या कसला ऑपरेशन? रगात नाय, पट्टी नाय! उजेड मारून फसवतास?"
ओढून काढला. जिन्यात प्लास्टरचा हात त्याच्या छातीत हाणला. दोघेही कळवळलो.
संध्याकाळी दाब तपासला. उतरलाय, पण पुरेसा नाही. आज अर्ध्याच भागावर केलंय, उरलेलं महिन्याने. एकदम केलं तर दाब उसळतो म्हणे. ते न केलं तर...

८ ऑक्टोबर
प्लास्टर निघालं. मनगटात जीव नाही.
भाऊ म्हणतो, "बरो आसंय मी. येवचंय नाय." डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली विहिरीत फेकली. मी अडवायला गेलो तर कोयता उगारला, सख्ख्या भावावर! मीही ओरडलो, मार, पण आधी नीट बघून मार आंधळ्या. वयनी मधे पडली म्हणून वाचलो. की तो वाचला?
मग कोयता टाकून म्हणाला, "नारळ लढव माझ्यावांगडा. माझो फुटलो तर मुंबयक येतंय. तुझो फुटलो तर परत लेझराचा नाव काढूचा नाय."
अख्ख्या बंदरात त्याचा नारळ कुणी फोडलेला नाही. हो म्हटलं. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

९ ऑक्टोबर, सकाळ
समोर धरला तर माझाच फुटणार आणि त्याचा डोळा गेला. म्हणून डाव्या हातात, त्याच्या डावीकडे धरणार. हे मनगटही मोडलं तर मोडू दे. नारळ कुठे होता ते लोकांसमोर त्याला सांगावं लागेल. मग तरी दिसत नाही हे कबूल करील? भीती वाटते, खोटं कशाला लिहू.
भाऊ अंगणात आला. हातात नारळ, मान इकडेतिकडे.
"बाबल्या! खंय मेलंस रे?"
मी ओट्यावर लिहीत बसलोय. त्याच्यापासून हातभर.